धाकटीचं गंगावन

माझ्या केसांच्या औषधाची बाटली मी वापरते त्यापेक्षा लवकर संपते आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ऐन उन्हाळा होता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "उडून जात असेल. देवासची गर्मी आहे." घट्ट टोपणाच्या बाटलीतून औषध उडून जातं असं इंजिनिअर झालेला माणूस सांगू लागला, की मला आधी त्याचाच संशय येतो. त्याच्या डोक्यावर मधोमध मोकळं मैदान झालेलं आहे, पण त्याला त्याचं काही नाही. सकाळी ओल्या टॉवेलने डोकं पुसलं की त्याचं काम झालं. म्हणजे तो नव्हता.

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे. दूध पातळ का, मोलकरीण आज इतकी गोड का बोलते, शाळेत मला बघून दोघी गप्प का झाल्या, हे सगळं मला दिसतं. लोक म्हणतात, सोड ना. मला सोडता येत नाही. आणि बरेचदा माझं खरं निघतं, त्यामुळे सवय वाढतच गेली.

केस जायला लागले ते माघात. आधी उशीवर, मग न्हाणीच्या जाळीवर, मग मुलांच्या वह्या तपासताना पानांवर. एकदा सासऱ्यांच्या ताटात, पोळीत निघाला. आमच्या घरात त्यांना मामंजी म्हणतात. मामंजींनी काही न बोलता तो बोटाने सोडवून ताटाखाली सरकवला आणि पोळी संपवली. मला तिथल्या तिथे रडू आलं. माझी वेणी लग्नात मनगटाएवढी जाड होती. आता रबर चार वेढे घेऊनही सैल पडायचं, आणि भांग दर आठवड्याला रुंद दिसायचा.

मी आधी पाण्याला धरलं. आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरतो. मग केसांना काय ठेवेल? मग भाच्याच्या लग्नात ज्या पार्लरवालीने केस सरळ करून दिले होते तिला धरलं. मग धारहून आई पाठवते त्या तेलाला. शेवटी शाळेतल्या एका बाईंवर येऊन थांबले. त्या दिवाळीत म्हणाल्या होत्या, "मॅडम, क्या घने बाल हैं आपके!" मी मुलांना विज्ञान शिकवते, नजर वगैरे मानत नाही. पण स्टाफरूममधली खुर्ची मात्र मी बदलून घेतली.

घरात सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्यांना माझं विंचरलेले केस विकणं खटकायचं. आमच्याकडे मोटारसायकलवर एक भिया, म्हणजे फेरीवाला भैया, येतो, भोंग्यावर ओरडत, "बाल दे दो, बरतन ले लो!" गळालेल्या केसांचे गुंते देऊन त्याच्याकडून वाटी, चमचा असलं काही घेता येतं. जायचे ते जातातच आहेत, निदान चहाचं गाळणं तरी येऊ दे, म्हणून मी गुंते डब्यात साठवू लागले. सासूबाईंची रीत जुनी. फणीतला केस बोटाला गुंडाळायचा, त्यावर थुंकायचं आणि कुणाच्या पायी येणार नाही असा टाकायचा. "आपले केस परक्याच्या हाती देऊन राहिलीस," त्या म्हणाल्या, "मग ते डोक्यावर कशाला राहतील?" त्या गाळण्याचा चहा त्या प्यायल्या नाहीत.

शेवटी मी त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेले. तिने एका भिंगाच्या यंत्रातून माझा भांग बघितला आणि पाण्याबद्दल, तेलाबद्दल काहीच न विचारता म्हणाली, "तीन-चार महीने पहले क्या हुआ था?" मला राग आला. केस आज जात आहेत आणि ही मागचं विचारते. पण दिवाळीनंतर मला डेंग्यू झाला होता, चांगली पडून होते. तेच, ती म्हणाली. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार करून वजन उतरवणं, मनाला बसलेला जबर धक्का, यांतलं काही झालं की केस लगेच जात नाहीत, दोन-तीन महिने थांबून एकदम जातात. आणि बहुतेक परत येतात. तिने रक्त तपासलं. लोह कमी निघालं. चातुर्मासभर साबुदाण्यावर उपास आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा, असं चाललं तर कमीच राहणार, म्हणाली. पण तेवढ्यावर भागलं नाही. भांग मधोमध रुंद होतोय ते तापाचं नव्हे, ते घराण्यातलं, हळूहळू पातळ होत जाणारं. त्याला रोज लावायचं औषध. सहा महिने तरी धीर धरायचा, सोडलं तर मिळवलेलंही जाईल. कपाळावर ओघळू द्यायचं नाही, नाहीतर तिथे लव येते.

"और तेल?" मी विचारलं.

"लगाइए. खुशबू अच्छी है. बाल उससे नहीं उगते."

घराण्यातलं म्हटल्यावर मी पुढच्या रविवारी बस धरून धारला गेले आणि आईचं डोकं उजेडात धरलं. तिचाही भांग तसाच, मधे पसरलेला. जन्मभर तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी कधी पाहिला नव्हता. "हे तुझ्याकडून आलं," मी म्हटलं. आई म्हणाली, "तुला माझ्या बांगड्या दिल्या, त्या जुन्या वाटल्या म्हणून तू इथेच ठेवून गेलीस. आणि हे बरं नेलंस." आम्ही दोघी खूप हसलो, आणि येताना बसमध्ये मला मुळीच हसू येत नव्हतं.

औषध सुरू केलं तर पहिले काही आठवडे केस आणखीच गेले. डॉक्टरीण म्हणाली होती असं होईल म्हणून. तरी मी मनातल्या मनात तिला लुच्ची ठरवलंच. मग गळणं जरा कमी झालं, आणि माझा जीव त्या बाटलीत अडकला. नेमकी तेव्हाच ती लवकर संपायला लागली.

मी काजळपेन्सिलीने बाटलीवर बारीक खूण केली. संध्याकाळी शाळेतून येऊन पाहिलं, तर औषध खुणेच्या बोटभर खाली. बाटली न्हाणीतून काढून स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे लपवली. तिथेही उतरली. दिवसा घरात दोघंच असतात, मामंजी आणि सासूबाई. मामंजी स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा विचारून येतात. मग राहिलं कोण?

आणि सासूबाईंना कारणही होतं. पहिल्याच दिवशी त्या नाकाला पदर लावून म्हणाल्या होत्या, "दारूचा वास आहे ह्याला. देवाच्या घरात दारू?" मला स्वच्छ दिसू लागलं. मी शाळेत गेले की त्या बाटली काढतात आणि थोडी थोडी मोरीत ओततात. थोडी थोडी, म्हणजे मला कळू नये.

शिवाय गेल्या वर्षापासून त्यांनी घरातही डोक्यावरून पदर घ्यायला सुरुवात केली होती. जुन्या सरदारांच्या नात्यातलं आमचं घर, इथल्या माळव्यातल्या बायकाही पदर घेतात, म्हणून कुणाला त्यात नवल वाटलं नाही. मला वाटलं. त्या पूर्वी सणावारालाच घेत. आता मे महिन्यात, चुलीसारख्या तापलेल्या स्वयंपाकघरातसुद्धा पदर हलायचा नाही. मी उघड्या डोक्याने शाळेत जाते, त्याला हे रोजचं उत्तर आहे असं मी धरून चालले.

एरवी मी तोंडावर विचारलं असतं. माझं भांडण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं असा माझा लौकिक आहे. पण त्याच्या आदल्या पावसाळ्यात मामंजींना इंदूरला नेऊन हृदयात स्टेंट घालावा लागला होता, आणि तेव्हापासून घरात आवाज चढवायचा नाही असं ठरलं होतं. म्हणून मी गिळत राहिले. रात्री आरशात भांग बघायचे आणि वाटायचं, ह्या बाईला मी टकली झालेली हवी आहे. वीस वर्षं एका घरात राहून ही मला इतकं पाण्यात पाहते! ते फार लागलं मला. अजूनही आठवलं की लागतं.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे थोरली आणि धाकटी, दोघी उभ्याच्या असतात. पितळेचे मुखवटे, मागे आंबाड्यासाठी एकेक गंगावन, म्हणजे खऱ्या केसांची लांब जुडी. ती विंचरून, टोकाला दोरा बांधून, परत पेटीत ठेवणं हे लग्न झाल्यापासून माझं काम. पेटीची किल्ली मात्र सासूबाईंच्या कमरेला. इंदूरहून नणंद आली होती. मी पुरण शिजवत होते, तेवढ्यात तिने हाक मारली.

"वहिनी, धाकटीचं गंगावन कुठंय?"

मी पुरणाच्या हातांनी बाहेर आले. पेटी उघडी, नणंदेच्या हातात एकच गंगावन. सासूबाई मुखवटा पुसत होत्या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ही देते ना केस त्या बरतनवाल्या भियाला."

एवढंच म्हणाल्या. नणंद माझ्याकडे बघत राहिली. नवरा दारात होता, त्याने जमिनीकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत मामंजी जप करत होते. देवीचे केस मी गाळण्यासाठी विकले, असं माझ्याच घरात माझ्यावर आलं आणि मला ओरडताही येत नव्हतं. "मी नाही," इतकंच म्हटलं, आणि ते इतक्या हळू की ते खोटं वाटलं असणार. धाकटीला त्या वर्षी मागून पदर घालून उभी केली.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य होता. सासूबाई थोरलीच्या पानात पुरणाची वाटी ठेवायला वाकल्या. त्यांचा पदर मानेपासून जरासा सरकला, आणि आंबाड्याखाली मला डाळिंबी रंगाचा दोरा दिसला. माझ्या जुन्या ब्लाउजच्या काठातून उसवलेला दोरा. मागच्या वर्षी मीच तो धाकटीच्या गंगावनाला बांधला होता, तीन गाठी मारून.

समईचा उजेड त्यांच्या गालावर होता. कानापासून कपाळापर्यंत बारीक, मऊ लव आली होती. सत्तरीच्या बाईला लव. कपाळावर ओघळू द्यायचं नाही, डॉक्टरीण म्हणाली होती.

पानं वाढून झाल्यावर मी त्यांना कोठीच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावलं. कुजबुजत भांडणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

"हे काय आहे?" मी दोऱ्याला हात लावला.

त्या गव्हाच्या कोठीला टेकल्या. "तिचं," त्या म्हणाल्या.

"आणि बाटली?"

"ती पण मीच. जास्त लावलं की लवकर येतील, असं वाटलं."

सोवळ्यात कुणाचा पदर लागला तर परत अंघोळ करणारी ही बाई. त्याच सांगू लागल्या, तुटक तुटक. मामंजींना इंदूरहून घरी आणलं आणि दोनेक महिन्यांत सासूबाईंचे केस मुठीने जायला लागले. त्यांचं माहेर धरमपुरीचं. लहानपणी तिथे त्यांच्या वडिलांची एक म्हातारी विधवा आत्या होती, लाल आलवणातली, वपन केलेली. न्हावी नर्मदेच्या घाटावर यायचा, आणि आत्या त्याच्यासमोर मान खाली घालून बसायची, ते त्यांनी पायरीवरून पाहिलेलं. "माझ्या डोक्यावरून हात फिरवला की मला तीच दिसायची," त्या म्हणाल्या. "वाटलं, देव आधीच तयारी करून घेतोय. ह्यांचं काही बरंवाईट… म्हणून कोणाला कळू द्यायचं नव्हतं. ह्यांना तर नाहीच."

मला वाईट वाटलं. पण रागही होता, आणि तो आधी बाहेर आला. "मग माझ्यावर का ढकललंत? तुमच्या लेकीसमोर? ह्यांच्यासमोर?"

"तू भांडून सुटली असतीस," त्या म्हणाल्या. "मला कुठे भांडता येतं?"

"भांडू कशी? मामंजी पलीकडे होते!"

"ते माझ्या लक्षात नाही आलं गं."

"नुसतं विचारायचं होतं ना मला! बाटली मागितली असती तर मी काय नाही म्हटलं असतं?"

"तिचं गंगावन तिला विचारून घेतलं मी," त्या म्हणाल्या. "हात जोडून, कौल लावून. तिने दिलं. तुला विचारायची छातीच नाही झाली."

बाहेर नणंद पाटांवर बसलेल्यांना आग्रह करत होती, ते ऐकू येत होतं. मग सासूबाईंनी पदर खाली घेतला, दोरा सोडला, गंगावन काढून मांडीवर ठेवलं. त्यांचे स्वतःचे केस मुठीत मावतील एवढे होते. त्या पाठमोऱ्या झाल्या.

"मागचं मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं हाताला लागतं. वर्ष झालं. तू बघून सांग, पूर्ण गेलंय का."

मी पाहिलं. डॉक्टरणीने माझं पाहिलं होतं तसं केस बाजूला करत करत पाहिलं. पूर्ण गेलं नव्हतं. सगळीकडूनच विरळ झालं होतं, माझ्यासारखं नुसतं भांगापाशी नव्हतं. "आहेत," मी म्हटलं. "उद्यापरवा माझ्याबरोबर यायचं."

विसर्जन झाल्यावर त्या आल्या. डॉक्टरणीने तोच प्रश्न विचारला, "बाल झड़ने से तीन-चार महीने पहले क्या हुआ था?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, मामंजींच्या हृदयाचं ऑपरेशन, दवाखान्याच्या बाकावर बसून काढलेल्या रात्री. डॉक्टरीण म्हणाली, सुरुवात त्यानेच झाली असेल, पण तेवढ्याने वर्षभर जात नाहीत. मग तिने त्यांच्या भुवया पाहिल्या, बाहेरच्या टोकाला जवळजवळ गेलेल्या. गळा चाचपला. थंडी फार वाजते का, थकवा येतो का, पोट साफ होतं का, विचारलं. सगळ्याला हो. आम्ही घरात हे सगळं वयावर घातलं होतं, मीसुद्धा, जिला सगळं दिसतं. रक्तात थायरॉइड कमी निघालं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू झाली. केसांचं औषध तूर्त बंद. माझी बाटली त्या डोक्यावर अक्षरशः ओतून घेत होत्या, हे ऐकल्यावर डॉक्टरीण त्यांच्यावर जरा रागावलीच, आणि आधी रक्तदाब मोजला.

नणंदेला त्यांनी फोनवर सांगितलं, "ते गंगावन सापडलं. माझ्याकडेच होतं." कुठे, कसं, काही नाही. माझ्या मते एवढं पुरेसं नव्हतं. मी अजून वाट बघते आहे. नणंदही ह्या वर्षी आली तेव्हा स्टीलच्या गाळण्याकडे बघून हसली, आणि ती का हसली ते मी अजून ठरवलेलं नाही.

धाकटीला नवीन गंगावन आणलं. जुनं ओवळं झालं, ते देवीला परत चालत नाही. ते सासूबाईंकडेच आहे. मामंजींना यातलं काही माहीत नाही, असं त्या समजतात. मला तशी खात्री नाही. ताटातला केस न बोलता सरकवणारा माणूस आहे तो.

आता रोज सकाळी न्हाऊन आल्या की सासूबाई पाटावर बसतात, पदर खांद्यावर घेतात आणि माझ्याकडे पाठ करतात. मला शाळेची घाई असते.

"बघ गं."

"आलेत थोडे."

"खोटं बोलून राहिलीस. मला बरं वाटावं म्हणून."

"मी कधी कोणाला बरं वाटावं म्हणून बोलते का?"

"नीट बघून सांग."

मग मी त्यांचं बोट धरून मागे नेते, टाळूच्या खाली, जिथे आखूड, टोचरे, नवे केस आले आहेत तिथे. तरी त्यांना पटत नाही. मी शाळेला निघते तेव्हाही त्या तिथेच बसलेल्या असतात, बोट तसंच ठेवून.